मृगातला धूसर ठिपका

मृग म्हटला की आपल्या राळेगावकडच्या शेतकऱ्याला पाऊस आठवतो, पेरणी आठवते. परंतु गंमत अशी, की जूनमध्ये ‘मृग लागला’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते नक्षत्र रात्री दिसतच नाही. सूर्यच त्याच्या घरी गेलेला असतो. मृग पाहावयाचा तो पौष-माघात. शेतात जागलीला गेलेल्या माणसाच्या डोक्यावर तेव्हा ते चार पायांचे हरीण उभे असते. त्याच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे सर्वांना ठाऊक आहेत. त्या बाणाच्या दक्षिणेला बारीक चांदण्यांची एक ओळ आहे. तिच्यातली मधली चांदणी नीट बघा. ती टिंबासारखी रेखीव नाही. कापसाच्या पेळूसारखी पुसट आहे.

हा पुसटपणा म्हणजे काय? दूरच्या ताऱ्यांची दाटी, की आणखी काही? ह्या प्रश्नाला उत्तर मिळू लागले ते १८६४ साली. विल्यम हगिन्स ह्या इंग्रज संशोधकाने अशाच एका धूसर ठिपक्याचा प्रकाश लोलकातून पाहिला. ताऱ्याचा असावा तसा सप्तरंगी पट्टा न दिसता नुसत्या थोड्या चमकदार रेघा दिसल्या. तापलेला विरळ वायू अशा रेघा देतो. म्हणजे तो तारा नव्हे, वायूचा मेघ! अशांना आपण तेजोमेघ म्हणतो.

पुढे ३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी मृगातल्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. त्यासाठी ५१ मिनिटे काच उघडी ठेवावी लागली. १८८३ साली इंग्लंडात कॉमन यांनी घेतलेल्या चित्रात तर दुर्बिणीतून डोळ्यांना कधीच न दिसलेले तारे उमटले. आता तुम्ही विचाराल, हे कसे? अहो, डोळा प्रकाश साठवीत नाही, काच साठविते. थेंबाथेंबाने रांजण भरावा तसे.

ह्या कथेत आपल्या महाराष्ट्राचेही एक पान आहे, आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. कावसजी दादाभाई नाईगमवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकविणारे पारशी गृहस्थ. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी त्यांना पाच हजार रुपये दिले, तेवढेच मुंबई सरकारने घातले. त्यांतून १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, वेधशाळा उभी राहिली. तिथली वीस इंची आरशाची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती.

त्याच सुमारास विलायतेत एक वाद पेटला होता. हेलियमचा शोध लावणाऱ्यांत ज्यांचे नाव घेतात ते नॉर्मन लॉकियर म्हणत, की तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे; त्यांच्या प्रकाशातली ठळक हिरवी रेघ मॅग्नेशियमची आहे. तसे असते, तर ती रेघ एका बाजूने विस्कटलेली दिसावयास हवी. नाईगमवालांनी पुण्याहून मृगातल्या तेजोमेघाची ती रेघ पुनःपुन्हा तपासली. ती दरवेळी बारीक आणि रेखीवच दिसली. १८९१ साली त्यांनी हे लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापले. समोर केवढा मोठा माणूस आहे, हे त्यांनी पाहिले नाही. डोळ्यांना काय दिसले ते लिहिले. अमेरिकेत कीलर यांचेही मोजमाप लॉकियरांच्या विरुद्धच गेले. ती रेघ कशाची, हे मात्र १९२७ साली बोवेन यांनी उलगडले. ती निघाली दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची!

पुढे २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला नाईगमवाला सोलापूरकडच्या जेऊर गावी दुर्बिणी, कॅमेरे घेऊन गेले. १९१२ साली ते निवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. ती मोठी दुर्बीण दक्षिणेत कोडाईकनालला गेली, आणि १९५१ साली तेथे ती उभारण्यात आली. एका माणसाच्या जिवावर उभे राहिलेले काम त्याच्यामागे कोणी शिकलेला नसला की कसे थांबते, हे यावरून दिसते.

आणि आज? १९६९ साली अमेरिकेत बॉयल आणि स्मिथ यांनी प्रकाश टिपणारी सिलिकनची चकती शोधली. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात तिच्याच जातीची चकती असते. ड्रेपर यांना जे साधले, ते आता घराच्या गच्चीवरून साधते. कॅमेरा तिकाटण्यावर पक्का बसवा आणि चार-पाच सेकंदांची चित्रे शंभरभर घ्या. एकेक चित्र जास्त लांबवू नका. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणून तारे रेघोट्यांसारखे ओढले जातात. मग ती सगळी चित्रे संगणकावर एकावर एक जुळवून बेरीज करा. आठ मिनिटांचा प्रकाश जमा होतो, आणि त्या पेळूतून गुलाबी ढग उमलतो. दुर्बिणीला कॅमेरा जोडावयाचा असेल, तर मात्र ताऱ्यांमागोमाग फिरणारी मोटर हवी.

तो प्रकाश तेथून निघाला त्याला सुमारे तेराशे वर्षे झाली. वेरूळचे कैलास लेणे तेव्हा कोरलेले नव्हते.

शिक्षकबंधूंना माझे सांगणे एवढेच. शहरांनी आपले आकाश दिव्यांनी धुवून टाकले आहे. आपल्याकडे गावाबाहेर अजून अंधार आहे. तो आपला ठेवा आहे. ह्या हिवाळ्यात पाच मुलांना गावाबाहेर न्या. तारीख, वेळ, आणि जे दिसले ते वहीत लिहावयास लावा. पुस्तकात आहे ते नव्हे, दिसले ते. पुण्याची वेधशाळा एका माणसाबरोबर मिटली. तुमची वही पाच जणांच्या हातांत असू द्या.