कतवेदी कुठे राहिला?

रात्री दहाच्या सुमारास ध्यानाचं ॲप आठवण करतं: पाच मिनिटं श्वासाकडे लक्ष द्या, मग आज कृतज्ञ वाटावं अशा तीन गोष्टी लिहा. मी लिहितो. आल्याचा चहा, पहिला पाऊस, लोकलमध्ये मिळालेली खिडकी. महिन्याभराने मागची पानं चाळली, तर त्यात माणूस जवळजवळ नव्हताच.

हा तिनाचा आकडा तसा अलीकडचा. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या घटना आणि त्या का घडल्या, हे लिहायचं होतं. त्याआधी, २००३ मध्ये, रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी विद्यार्थ्यांकडून दर आठवड्याला पाचपर्यंत गोष्टी लिहून घेतल्या होत्या. दोन्हींत ध्यान कुठेच नाही. ते आलं वेगळ्या वाटेने, जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केलेल्या माइंडफुलनेसच्या वर्गांतून. पुढे या दोन वाटा एकमेकींना मिळाल्या आणि वही आसनाशेजारी आली.

गंमत म्हणजे २००५ च्या त्याच प्रयोगात आणखी एक गृहपाठ होता. ज्याचे आभार कधी मानलेच नाहीत, अशा माणसाला पत्र लिहायचं आणि स्वतः जाऊन द्यायचं. लगेचचा आनंद याच गृहपाठाने सर्वांत जास्त वाढवला. काही महिन्यांत मात्र तो ओसरला. ॲपवाल्यांनी वही उचलली. साहजिक आहे, वहीसाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही.

आता शब्दांकडे. माइंडफुलनेस हा पालीतल्या 'सति'चा इंग्रजी अवतार. पालीचे अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी तो १८८१ मध्ये योजला. सति म्हणजे मुळात स्मृती. आणि कृतज्ञ म्हणजे केलेलं जाणणारा. एक शब्द आठवणीचा, दुसरा जाणण्याचा. छान वाटण्याचा दोन्हींत उल्लेखही नाही. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म आहेत, कृतज्ञतेचा स्वतंत्र सराव नाही. मैत्री, करुणा अशा चार ब्रह्मविहारांतही ती नाही. ती भेटते महामंगल सुत्तातल्या अडतीस मंगलांमध्ये. महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांतून हे सुत्त म्हटलं जातं, त्यामुळे 'कतञ्ञुता' हा शब्द इथल्या कानांना परका नाही.

अंगुत्तरनिकाय या पाली सुत्तसंग्रहात मात्र हा शब्द एकटा येत नाही: कतञ्ञू, कतवेदी. पहिला उपकार जाणतो, दुसरा ते जाणलेलं उघड करतो, कृतीत आणतो. जगात दुर्मीळ असलेल्या दोन माणसांत एक आपणहून उपकार करणारा आणि दुसरा हा. तिथेच आईवडिलांचा दाखलाही आहे. एका खांद्यावर आई, दुसऱ्यावर वडील घेऊन शंभर वर्षं वागवलं तरी उतराई होता येत नाही. होता येतं ते त्यांना श्रद्धा, शील, दान आणि प्रज्ञेत स्थिर केलं तर.

जपानमध्ये योशिमोतो इशिन यांनी गेल्या शतकात शुद्धभूमी पंथातल्या एका कडक साधनेतून 'नाइकान' ही आत्मपरीक्षणाची पद्धत घडवली. त्यातही प्रश्न तीनच: या माणसाकडून मला काय मिळालं, मी त्याला काय दिलं, मी त्याला काय त्रास दिला? सुरुवात बहुधा आईपासून. तिसऱ्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्यायचा असतो. आमच्या ॲपमध्ये तो नाही, आणि असता तर मी ॲप काढून टाकलं असतं.

कृतीत आणलेली कृतज्ञता मुंबईतही भेटते. मंडालेत जन्मलेले विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले, ते आजारी आईला विपश्यना शिकवायला. मुंबईतल्या पहिल्या शिबिरात त्यांचे आईवडीलच साधक म्हणून बसले. गोएंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. ही साधना जपणाऱ्या त्या देशाच्या आणि गुरूंच्या ऋणाची खूण म्हणून गोराईला जागतिक विपश्यना पॅगोडा उभा राहिला, २००९ मध्ये तो खुला झाला. आकार रंगूनच्या श्वेडगॉनचा. आभार कोणत्या देशाचे, हे खाडीच्या अलीकडून, बोटीत बसण्याआधीच दिसतं.