नावाआधीची आडवी रेघ

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासक्रमात संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला मायक्रोप्रोसेसरचं एक प्रॅक्टिकल होतं. मजकुराच्या फाइलमधल्या मोकळ्या जागा, ओळी आणि एखादं ठरावीक अक्षर किती वेळा आलं ते मोजायचं. काम सोपं, पण प्रोग्राम दोन फाइलींत लिहायचा: पहिलीने मजकूर उघडायचा, दुसरीने मोजदाद करायची. दुसऱ्या फाइलीत ‘फार’, म्हणजे लांबच्या, प्रोसीजर हव्यात आणि ‘पब्लिक’ व ‘एक्स्टर्न’ हे निर्देश वापरणं सक्तीचं.

हे काम बहुतेक मुलं ६४-बिट लिनक्सवर, नॅझम या असेंबलरने करत. नॅझमला ‘पब्लिक’ हा निर्देश मुळात ठाऊकच नाही. तिथे ‘ग्लोबल’ लिहावं लागतं. आणि ६४-बिट लिनक्सच्या सलग स्मृतीत ‘जवळची’ आणि ‘लांबची’ प्रोसीजर असा भेद व्यवहारात उरलेला नाही. ‘पब्लिक’ आणि ‘फार’ हे दोन्ही शब्द डॉसच्या जमान्यातले. ती यंत्रं भंगारात गेली, शब्द मात्र अभ्यासक्रमात मुक्काम ठोकून राहिले.

असेंब्लीची फाइल दुसऱ्या असेंब्ली फाइलीशी किंवा सीच्या फाइलीशी जोडताना लिंकर जे अडून बसतो, त्यामागेही बहुतेक वेळा असलाच जुना मुक्काम असतो. प्रत्येक फाइल वेगळी भाषांतरित होते. तिच्यात दोन याद्या तयार होतात: माझ्याकडे ही नावं आहेत, आणि ही नावं मला बाहेरून हवीत. लिंकर या याद्या जुळवतो आणि नावाच्या जागी पत्ता भरतो. जुळलं नाही की ‘अनडिफाइंड रेफरन्स’. विद्यार्थी मग रात्रभर आपल्या बेरजेचं गणित तपासतो. गणित बरोबर असतं. चुकलेला असतो तो नाव लिहायचा रिवाज.

सुरुवातीच्या यंत्रांत नावंच नव्हती, फक्त आकडे. केंब्रिजच्या एडसॅकवर १९४९ मध्ये डेव्हिड व्हीलर यांनी लिहिलेल्या आरंभीच्या आज्ञा कागदी फितीवरचा उपप्रोग्राम स्मृतीत चढवतानाच त्यातले पत्ते दुरुस्त करत. लिंकरच्या निम्म्या कामाचा उगम तिथे आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिलेला टिफ्रॅक १९६० मध्ये कामाला लागला. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची आणि प्रोग्राम यंत्रभाषेत. तिथे दोन भाषा जोडण्याचा प्रश्न नव्हता, कारण दुसरी भाषाच नव्हती. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० आला आणि त्याच्याबरोबर फोर्ट्रानही.

खरी गाठ बांधली गेली अमेरिकेत, बेल प्रयोगशाळेत. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये पुन्हा लिहिला गेला, तरी पीडीपी-११ यंत्राला थेट हात घालणारा थोडा भाग असेंब्लीतच राहिला. असेंब्लीच्या जुन्या संग्रहातली छोटी छोटी नावं आधीपासून वापरात होती. सीमध्ये कुणी तेच नाव आपल्या फंक्शनला दिलं तर टक्कर ठरलेली. त्यावर तोडगा निघाला तो एका आडव्या रेघेचा. सीमधलं प्रत्येक बाहेरचं नाव कंपायलर पुढे अंडरस्कोअर लावून लिंकरकडे पाठवू लागला. म्हणून युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीतली असेंब्लीची फाइल उघडली, तर ती सीच्या ‘मेन’ला हाक मारताना ‘_मेन’ लिहिते. जॉन लायन्स यांनी १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या विद्यार्थ्यांसाठी या आवृत्तीवर जे भाष्य लिहिलं, त्यातही या रेघा दिसतात.

जुन्या लिंकरांना लांब नावंही पचत नसत. कर्निगन आणि रिची यांच्या सीवरच्या १९७८ च्या पुस्तकात एक छोटा तक्ता आहे: पीडीपी-११ वर बाहेरच्या नावाची सात अक्षरं धरली जात, हनीवेल ६००० वर सहा, आणि तीही लहान-मोठ्या लिपीचा भेद न करता. सीच्या १९८९ च्या मानकानेही या दुबळ्या लिंकरांची कीव केली. बाहेरच्या नावाच्या फक्त पहिल्या सहा अक्षरांची हमी दिली. ती ३१ वर जायला १९९९ उजाडलं. सीच्या जुन्या फंक्शनांची नावं स्वर गाळल्यासारखी का दिसतात, त्याचं एक कारण इथे सापडतं.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत सी पोचली ती मुख्यतः डॉस आणि टर्बो सीमधून. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ने एक पिढी घडवली, पुढे डॉसमध्ये दडून बसणाऱ्या प्रोग्रामांवरही त्यांनी पुस्तक लिहिलं. अशा प्रोग्रामांत सी आणि यंत्राची रजिस्टरं यांची गाठ पडायचीच. टर्बो सीसाठी टर्बो असेंबलरमध्ये फंक्शन लिहायचं, तर तीन ठिकाणी पाय घसरायचा. पहिलं, रेघ: सीमध्ये ‘बेरीज’, तर असेंब्लीत ‘_बेरीज’. दुसरं, लिपी: हा असेंबलर आपणहून सगळी नावं मोठ्या लिपीत करून टाकायचा. आज्ञेत योग्य खूण दिली नाही, तर डोळ्यांना सारखी दिसणारी नावं लिंकरला वेगळी वाटत.

तिसरं सगळ्यांत वाईट, कारण तिथे लिंकर कधी बोलायचा, कधी गप्प बसायचा. इंटेल ८०८६ च्या स्मृतीचे ६४ किलोबाइटचे तुकडे. त्याच तुकड्यातल्या फंक्शनला हाक मारली तर परतीचा पत्ता दोन बाइटचा, दुसऱ्या तुकड्यातल्याला मारली तर चार बाइटचा. तुकड्याबाहेर जवळची हाक गेली की लिंकर ‘फिक्सअप ओव्हरफ्लो’ म्हणून ओरडे. पण सीने लांबची हाक मारली आणि असेंब्ली जवळच्या पद्धतीने परतली, तर जोडणी बिनबोभाट पार पडे आणि प्रोग्राम चालवल्यावर यंत्र गोठे. फंक्शनला दिलेलं पहिलं मूल्य स्टॅकवर, जवळच्या हाकेच्या ‘लहान’ मॉडेलमध्ये चार बाइट वर, लांबच्या हाकेच्या ‘मोठ्या’ मॉडेलमध्ये सहा बाइट वर. पुस्तकातला नमुना भलत्या मॉडेलचा असला की उत्तर म्हणून कचरा.

त्या काळात या सगळ्याचं पोट उघडून दाखवलं ते आयआयटी मुंबईच्या धनंजय ढमढेरे यांनी. ‘सिस्टीम्स प्रोग्रामिंग अँड ऑपरेटिंग सिस्टीम्स’ या त्यांच्या पुस्तकातल्या लिंकरच्या प्रकरणात डॉसच्या ऑब्जेक्ट फाइलीतल्या नोंदी एकेक करून येतात: जाहीर केलेली नावं, बाहेरून हवी असलेली नावं, आणि दुरुस्तीच्या जागा. परीक्षेपुरतं पाठ करणाऱ्यांना तो मजकूर रुक्ष वाटायचा. पण ज्याने तो समजून वाचला, त्याला त्रुटीचा संदेश नेमका कुठल्या यादीतून आला हे कळायचं. एवढ्यासाठीही ते प्रकरण वाचावं.

१९९५ च्या सुमाराला लिनक्सने प्रोग्रामच्या फाइलींचं जुनं ए-आउट स्वरूप टाकून ईएलएफ घेतलं. त्यात रेघ गेली. जुन्या पुस्तकातून ‘_बेरीज’ उतरवणाऱ्याला आता उलटी चूक भेटू लागली. मॅकवर रेघ अजून आहे. ३२-बिट विंडोजवर आहे, ६४-बिटवर नाही. सी प्लस प्लसने तर नावाला मूल्यांच्या प्रकारांची शेपटीच जोडली. ती टाळायला ‘एक्स्टर्न सी’ लिहावं लागतं.

न सापडणाऱ्या नावाच्या उलट जातीची चूक म्हणजे एका नावाचे दोन मालक. मुलांनी असेंब्लीत प्रोग्रामच्या सुरुवातीला ‘_स्टार्ट’ हे नाव दिलेलं असतं, आणि जोडायला थेट लिंकर न वापरता जीसीसी हा कंपायलर वापरला, की तो स्वतःची सुरुवातीची फाइल आत सरकवतो. तिच्यातही ‘_स्टार्ट’ असतं. लिंकर सांगतो, ‘मल्टिपल डेफिनिशन’. सरकारी कारभारात मात्र असे दोन मालक नांदतात. तेलंगणातल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात केरामेरी मंडल आहे. ते आणि महाराष्ट्रातल्या चंद्रपूरचा जिवती तालुका यांच्या सीमेवर १४ गावं अशी आहेत, की दोन्ही राज्यांच्या मतदार यादीत तिथल्या लोकांची नावं, अनेक घरांत दोन रेशनकार्डं, आणि दोन्ही राज्यांच्या ग्रामपंचायती. सरकारी यंत्रणा असा दुहेरी दाखला वर्षानुवर्षं चालवून घेते. लिंकर एक क्षणही घेत नाही. जीसीसी वापरायचा तर असेंब्लीत ‘मेन’ लिहायचं, नाहीतर त्याला सुरुवातीच्या फाइली जोडू नको असं सांगायचं. थेट लिंकरला ‘मेन’ दिलं, तर तो ‘_स्टार्ट’ सापडत नाही म्हणून कुरकुरतो.

अशा वेळी हाताशी असते ‘एनएम’ ही आज्ञा. १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही ती आहे. ऑब्जेक्ट फाइलीवर ती चालवली की हव्या असलेल्या नावापुढे ‘यू’ दिसतो, आणि कोडमध्ये असलेल्या नावापुढे ‘टी’. दोन्ही फाइलींचे निकाल शेजारी ठेवायचे. रेघ, लिपी, शेपटी, काय कमी-जास्त आहे ते नजरेलाच कळतं. लहान ‘टी’ दिसला तर नाव आहे, पण ‘ग्लोबल’ जाहीर करायचं राहिलं आहे. बत्तीस-बिट आणि चौसष्ट-बिट फाइलींची सरमिसळ मात्र लिंकर स्वतःच ओळखतो. ‘इनकम्पॅटिबल’ म्हणून तो फाइलच नाकारतो. नॅझमला ‘ईएलएफ ६४’ऐवजी नुसतं ‘ईएलएफ’ सांगितलं की हे घडतं.

ऑक्टोबर २०१६ मध्ये उबंटूची १६.१० आवृत्ती आली आणि ६४-बिट यंत्रांवर जीसीसी आपणहून असे प्रोग्राम बनवू लागला, जे स्मृतीत कुठेही चढवता येतात. हल्लेखोराला पत्त्याचा अंदाज लागू नये, हा हेतू. पण पक्का पत्ता गृहीत धरून लिहिलेली असेंब्ली आता जोडणीतच अडकली: आदल्या आवृत्तीवर चाललेली फाइल नव्या आवृत्तीवर ‘रीलोकेशन’चा लांबलचक संदेश देऊ लागली. जीसीसीला ‘नो-पी-आय-ई’ सांगितलं की काम भागतं. नीट करायचं तर पत्ते चालू आज्ञेच्या संदर्भाने लिहावे लागतात. नॅझममध्ये वर ‘डिफॉल्ट रेल’ ही एक ओळ त्यासाठीच असते, आणि ‘प्रिंटएफ’सारखी बाहेरची फंक्शनं पीएलटी नावाच्या तक्त्यातून बोलवावी लागतात.

२०२२ मध्ये, लिंकर ज्या संचातून येतो त्या बिनयुटिल्सच्या २.३९ आवृत्तीने आणखी एक सूचना सुरू केली. हाताने लिहिलेल्या असेंब्ली फाइलीत ‘जीएनयू-स्टॅक’ नावाचा रिकामा विभाग नसेल, तर स्टॅकवरचा मजकूर आज्ञा म्हणून चालवता येतो असं लिंकर धरून चालतो, आणि आता तसं बजावतो. सीचा कंपायलर हा विभाग आपणहून घालतो. असेंब्लीत तो लिहिणाऱ्याने घालायचा असतो, शेवटी, एका ओळीत.