मूळपेशींचा शोध आणि मुदतीची चाकरी

इ. स. २०१२ च्या मार्च महिन्याच्या ११ तारखेस जपानांतील क्योटो शहरीं मॅरेथॉन शर्यत झाली. तींत धावणाऱ्या हजारों लोकांत पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेला एक प्राध्यापक होता. त्याचें नांव शिन्या यामानाका. क्योटो विद्यापीठांतील एका नामांकित संशोधनसंस्थेचा हा संचालक. आणि तो धावत होता तो प्रकृति सुधारावी म्हणून नव्हे, तर आपल्या धावण्याकडे पाहून लोकांनीं संस्थेस देणग्या द्याव्या म्हणून. शर्यत त्यानें चार तासांहून थोड्याशा अधिक वेळांत पुरी केली व १ कोटीहून अधिक येन मिळविले. पुढें सात महिन्यांनीं त्याला नोबेल पारितोषिक जाहीर झालें. सरकारी पैशावर उभ्या असलेल्या संस्थेच्या प्रमुखास वर्गणीसाठीं रस्त्यावर यावें लागावें, याचें कारण काय, हें पाहूं गेलें असतां विद्या आणि राजाश्रय यांच्या संबंधाची एक अलीकडची हकीकत हातीं लागते.

मानवी शरीरांतील बहुतेक पेशी एकदां कामाला जुंपल्या म्हणजे त्याच कामांत जन्म घालवितात. त्वचेची पेशी त्वचेचेंच काम करते, यकृताची यकृताचें. जिला असा ठरीव धंदा लागलेला नाहीं, जी स्वतःसारखी दुसरी पेशी निर्माण करूं शकते आणि प्रसंगीं निरनिराळ्या धंद्यांच्या पेशींना जन्महि देते, ती मूळपेशी. अशी पेशी रक्ताच्या बाबतींत खरोखरच असते, याचा प्रयोगसिद्ध पुरावा १९६१ सालीं टोरँटो येथें जेम्स टिल व अर्नेस्ट मॅक्‌कलॉक यांनीं दिला. एक पदार्थविज्ञानाकडून आलेला, दुसरा वैद्य. किरणांच्या माऱ्यानें ज्यांची मज्जा नष्ट केली होती अशा उंदरांना त्यांनीं दुसऱ्या उंदरांची अस्थिमज्जा टोचली. कांहीं दिवसांनीं त्यांच्या प्लीहेवर गाठी उठल्या, आणि त्या गाठींच्या मुळाशीं मूळपेशी आहेत असें निष्पन्न झालें. पुढच्याच वर्षीं ऑक्सफर्ड येथें जॉन गर्डन यानें बेडकाच्या पिलाच्या आंतड्यांतील पेशीचें केंद्रक काढून तें बेडकाच्या अंड्यांत बसविलें, व त्यांतून नवीन जीव वाढविला. याचा अर्थ असा कीं, कामाला लागलेल्या पेशींतहि सगळ्या शरीराचा आराखडा शाबूत असतो. या गर्डनला शाळेंत असतां जीवशास्त्रांत तळचा नंबर मिळाला होता, आणि याची शास्त्रज्ञ होण्याची इच्छा हास्यास्पद आहे असा शेरा त्याच्या शिक्षकानें लिहून ठेवला होता. आम्हां मास्तर मंडळींनीं शेरे जपून लिहावे, एवढें तरी यावरून कळतें.

त्याच १९६२ सालीं यामानाकाचा जन्म ओसाका प्रांतांत झाला. वैद्यकीची पदवी घेऊन तो अस्थिशल्यचिकित्सा शिकूं लागला. परंतु दुसरा वीस मिनिटांत करील त्या शस्त्रक्रियेस याला दोन तास लागत, आणि वरिष्ठांनीं त्याच्या नांवाची मोडतोड करून त्याचें 'जामानाका' असें नामकरण केलें. जपानी भाषेंत 'जामा' म्हणजे अडथळा. शेवटीं सुरी ठेवून त्यानें संशोधनाची वाट धरली व १९९३ सालीं तो सॅन फ्रान्सिस्को येथील ग्लॅडस्टन संस्थेंत गेला. तेथील तीन वर्षें सुखाचीं गेलीं. परत ओसाकास आल्यावर मात्र पैसा नाहीं, सहकारी नाहींत, चर्चा करण्यास माणूस नाहीं. उंदरांचे पिंजरे स्वतः साफ करावे लागत. या खिन्नतेला त्यानें पुढें 'अमेरिकेनंतरचें नैराश्य' असें गमतीचें नांव दिलें आहे. संशोधन सोडून पुन्हां दवाखान्यांत जावें अशा विचारांत तो असतां १९९९ सालीं नारा येथील एका तरुण सरकारी विद्यापीठानें त्याला सहयोगी प्राध्यापक नेमलें, आणि हातीं एक लहानशी प्रयोगशाळा आली.

आमच्या मतें या इतिहासांतील निर्णायक दिवस नोबेलचा नव्हे, तर २००३ सालच्या एका मुलाखतीचा आहे. गर्भाचा उपयोग न करतां सामान्य पेशीलाच मागें नेऊन तिची मूळपेशी बनवावी, अशी योजना घेऊन यामानाका सरकारी अनुदानाच्या परीक्षक मंडळापुढें गेला. हातीं पुरावा थोडा, नांव अपरिचित, आणि योजना बहुतेकांना वेडगळ वाटावी अशी. मंडळाचे प्रमुख तादामित्सु किशिमोतो हे रोगप्रतिकारशास्त्रांतील मोठे अधिकारी. हें साधेल असें त्यांनाहि वाटलें नाहीं, परंतु या तरुणाची तळमळ पाहून त्यांनीं त्याला निवडलें. पांच वर्षांसाठीं सुमारे ३० कोटी येन मंजूर झाले. यशाची खात्री नसतांना सरकारी पैसा देणारा परीक्षक विरळा; कारण खात्रीच्या कामाला दिलेला पैसा हिशेबतपासनीसाला दाखवितां येतो, तळमळीला दिलेला दाखवितां येत नाहीं.

नारा येथें त्याच्या हाताखालीं काझुतोशी ताकाहाशी नांवाचा विद्यार्थी आला होता. हा मूळचा अभियांत्रिकीचा पदवीधर. जीवशास्त्राचा गंध बेताचाच. पेशीला मागें नेण्याची शक्ति ज्यांत असावी अशीं २४ जनुकें निवडलीं होतीं. एकेक जनुक घालून पाहिलें तर कांहींच होईना. तेव्हां ताकाहाशीनें सर्व चोवीस एकदम घातलीं आणि पेशी बदलली. मग दर वेळीं एक जनुक वगळून कोणावांचून अडतें तें पाहिलें. यंत्र बिघडलें असतां एकेक भाग काढून पाहणाऱ्या कारागिराची ही रीत. शेवटीं चारच जनुकें उरलीं. उंदराच्या पेशींवरील हा प्रयोग ऑगस्ट २००६ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि नोव्हेंबर २००७ मध्यें मानवी त्वचेच्या पेशींवरहि तो साधला.

अमेरिकेंत त्या काळीं काय चाललें होतें हेंहि पाहिलें पाहिजे. मानवी गर्भापासून मूळपेशी प्रथम वाढविल्या त्या जेम्स थॉमसन यानें, विस्कॉन्सिन विद्यापीठांत, १९९८ सालीं. परंतु गर्भाचा नाश होईल अशा कामास सरकारी पैसा देऊं नये असा १९९६ पासून कायदा असल्यामुळें त्याला खासगी कंपनीचा पैसा घ्यावा लागला. ऑगस्ट २००१ मध्यें अध्यक्ष बुश यांनीं त्या दिवसापूर्वीं तयार झालेल्या पेशींपुरताच संघसरकारचा खजिना उघडला. परिणाम असा झाला कीं, एकाच शास्त्रज्ञाला सरकारी पैशाचें सूक्ष्मदर्शक यंत्र निराळें व खासगी पैशाचें निराळें ठेवावें लागे; कित्येक ठिकाणीं खोल्याच वेगळ्या कराव्या लागल्या. सोंवळ्याओंवळ्याचा असा बारीक विचार आमच्या आजीच्या स्वयंपाकघरांतहि नसेल! नोव्हेंबर २००४ मध्यें कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं या कामासाठीं ३०० कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. २००९ सालीं अध्यक्ष ओबामा यांनीं संघसरकारचा निर्बंध सैल केला. आणि २०२० सालीं कॅलिफोर्नियानें आणखी ५५० कोटी दिले, तेहि थोड्याच मताधिक्यानें. ज्याचें पोट निवडणुकीच्या निकालावर अवलंबून, त्या तरुणानें दहा वर्षांचा प्रयोग कसा आंखावा?

जपानांत मोठी अडचण होती ती पैशाच्या जातीची. १९९६ ते २००० या पांच वर्षांत सरकारनें डॉक्टरेट झालेल्या दहा हजार तरुणांना पोसण्याची योजना राबविली. विद्वान तयार झाले, जागा मात्र झाल्या नाहींत. २००४ सालीं राष्ट्रीय विद्यापीठें स्वायत्त करण्यांत आलीं व त्यांचें नेहमींचें अनुदान दरसाल थोडें थोडें कापलें जाऊं लागलें. त्याऐवजीं मुदतीचे, प्रकल्पाचे पैसे आले. प्रकल्पाच्या पैशांतून उपकरण घेतां येतें, माणूस कायम करतां येत नाहीं. २०१० सालीं स्थापन झालेल्या यामानाकाच्या संस्थेंत दहांतले जवळजवळ नऊ लोक मुदतीच्या करारावर होते. त्यांत प्रयोगशाळेंतील कसबी सहाय्यक आले, पेटंटाचें काम पाहणारे आले, हिशेबनीसहि आले. या लोकांना टिकवून धरण्यासाठींच संचालकाला धावावें लागलें. तासिकातत्त्वावर शिकविणाऱ्या आपल्याकडील तरुण सहकाऱ्यांची स्थिति ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना हें चित्र परकें वाटणार नाहीं.

नोबेलनंतर पैशाचा पूर आला. २०१३ पासून दहा वर्षांत सुमारे ११,००० कोटी येन देण्याचें सरकारनें ठरविलें. सप्टेंबर २०१४ मध्यें कोबे येथें मासायो ताकाहाशी यांच्या देखरेखीखालीं एका वृद्धेच्या डोळ्यांत तिच्याच त्वचेपासून बनविलेला दृष्टिपटलाचा पापुद्रा बसविला गेला. पण त्याच वर्षीं, त्याच शहरीं, रिकेन या सरकारी संस्थेच्या शाखेंत, पेशींना आम्लांत बुडवून मूळपेशी करतां येतात असा दावा पुढें आला व जुलैंत मागें घ्यावा लागला. त्या निबंधांचे एक सहलेखक योशिकि सासाइ, ज्यांनीं मूळपेशींपासून डोळ्याचा पेला प्रयोगशाळेंत वाढवून दाखविला होता, त्यांनीं ऑगस्टमध्यें आपल्या जीविताचा शेवट केला. लोकांच्या आशेचें व पैशाचें ओझें माणसावर किती पडतें, याचा याहून दुःखद दाखला आम्हांस ठाऊक नाहीं. २०१९ सालीं तर खुद्द यामानाकाच्या पेशीसंग्रहाची सुमारे १०० कोटी येनांची वार्षिक मदत बंद करावी असा विचार अधिकाऱ्यांत सुरू झाला. त्यानें पत्रकारांपुढें येऊन जाहीर विनवणी केली तेव्हां ती वांचली.

याच २०१३ सालीं तेथें मजुरांच्या हिताचा एक कायदा अंमलांत आला. एकाच धन्याकडे पांच वर्षांहून अधिक काळ मुदतीवर काम केलेल्या नोकरास कायम होण्याचा हक्क मिळाला. संशोधकांसाठीं ही मर्यादा दहा वर्षांची करण्यांत आली. हेतु चांगला होता. परंतु हक्क उत्पन्न होण्याच्या आदल्या दिवशीं करार संपविण्यास धन्याला कोण अडविणार? मोजणी एप्रिल २०१३ पासून सुरू झालेली, म्हणून मार्च २०२३ जवळ येतांच रिकेनमधील शेकडों संशोधकांच्या नोकऱ्या धोक्यांत आल्या, आणि कित्येकांना खरोखरच बाहेर पडावें लागलें. मूळपेशींच्या दहा वर्षांच्या अनुदानाचीहि मुदत त्याच महिन्यांत संपली. त्यापुढें पांच वर्षांची नवी योजना आली.

दरम्यान क्योटोंत कंपवाताच्या सात रोग्यांच्या मेंदूंत मूळपेशींपासून वाढविलेल्या पेशी घालण्यांत आल्या. हें काम जुन् ताकाहाशी यांचें. २०२२ पासून यामानाकाच्या जागीं संचालक झाले तेच हे. पहिली शस्त्रक्रिया २०१८ सालीं झाली, रोग्यांवर प्रत्येकीं दोन वर्षें देखरेख ठेवण्यांत आली, आणि फलिताचा निबंध एप्रिल २०२५ मध्यें प्रसिद्ध झाला. पेशी जगल्या होत्या, त्यांची गाठ झाली नव्हती, आणि कांहीं रोग्यांच्या हालचाली सुधारल्या होत्या. ज्या अनुदानाच्या काळांत हें काम सुरू झालें, त्याची मुदत संपून तेव्हां दोन वर्षें झालीं होतीं.