गिरणगाव आणि ‘मोकळी’ जमीन

जुन्या वस्तीची ओळख काळाच्या ओघात पुसली जाते, असं आपण सहज म्हणून जातो. मुंबईच्या लालबाग-परळकडे पाहिलं, तर हे पटत नाही.

इथली ओळख घडली कशी? कोकणातून, घाटावरून माणसं गिरणीत आली. चाळीतल्या एकाच खोलीत पाळीपाळीने झोपली, खानावळीत जेवली, गावाच्या नावाने मंडळं काढली. भोंग्याच्या वेळेवर चालणाऱ्या या जगण्यालाच लोक गिरणगाव म्हणत. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे एकेक भोंगा बंद पडत गेला.

पण जमीन शिल्लक होती ना! १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिची ढोबळमानाने तीन हिश्शांत वाटणी ठरवली: एक शहराच्या मैदान-बागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली. आता वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची, म्हणजे बांधकाम नसलेल्या. आता बघा, गिरणीच्या आवारात शेड नसलेली जागा असते तरी किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती कायम ठेवली.

नंतरचे मॉल आणि टॉवर आपल्यासमोर आहेत. संपानंतर काम गेलं, हे खरं. पण कामगारांच्या वाट्याला त्याच वस्तीत किती घरं येणार, हे एका शब्दाने ठरलं. म्हणून वस्तीचा इतिहास लिहिताना आपण आठवणींइतकीच नियमावलीही वाचली पाहिजे.