गौरी सावंत आणि १८७१चा कायदा

मालाडच्या गौरी सावंत यांना बहुतेकांनी २०१७ साली विक्सच्या जाहिरातीत पाहिले. देहविक्रय करणारी आई एड्सने गेली, मागे राहिलेली मुलगी गौरींनी सांभाळली, तिची ती गोष्ट. लोकांनी डोळे पुसले. पण एका तृतीयपंथीयाने मूल सांभाळणे आपल्याकडे नवलाचे का ठरले, हे फारसे कुणी विचारले नाही.

त्यासाठी १८७१मध्ये जावे लागते. गुन्हेगार जमातींचा कायदा आपल्याला पारधी आणि इतर भटक्या जमातींमुळे माहीत आहे. त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता. सुरुवातीला तो वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबसाठी होता. सरकारी नोंदवहीत नाव चढलेल्या हिजड्याला कुणाचे पालक होता येत नसे, बक्षीसपत्र वा मृत्युपत्र करता येत नसे, मुलगा दत्तक घेता येत नसे. बाईच्या वेशात रस्त्यावर दिसला तर दोन वर्षांपर्यंत कैद.

मुंबई इलाख्याची कहाणी याहून जुनी आहे. मराठा राजवटीत दख्खनच्या काही हिजड्यांकडे इनाम जमिनी आणि गावोगाव मागण्याचे हक्क होते. ते गुरूकडून चेल्याकडे जात. रक्ताचे नाते नाही, म्हणून कंपनी सरकारला हा वारसाच पटेना.

खरे तर राज्यकर्त्यांना या माणसांचा पत्ता नव्हता असे नाही. ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात ‘खुन्सा’वर स्वतंत्र प्रकरण आहे: नमाजात त्यांनी कोणत्या रांगेत उभे राहायचे, वारशात वाटा किती. कंपनीच्या न्यायालयांसाठी या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १७९१ मध्येच छापले गेले होते. खुन्सा म्हणजे शरीराने स्त्री की पुरुष हे ठरत नाही अशी व्यक्ती. आजची ट्रान्स व्यक्ती म्हणजे तीच, असे म्हणणे चूक ठरेल. वाटाही बरोबरीचा नव्हता, हनफी मतानुसार तो कमीतलाच. तरी जमातीत जागा होती आणि वारसाहक्कही होता. आपल्या मोहल्ल्यांत टाळ्या ऐकून दार लावून घेणाऱ्यांनी हे प्रकरण एकदा वाचावे.

गौरी मूळच्या पुण्याच्या, वडील पोलीस खात्यात. तरुणपणीच घर सोडून त्या मुंबईत आल्या. २०००च्या सुमारास त्यांनी ‘सखी चारचौघी’ ही संस्था उभी केली. काम एचआयव्हीचे: कंडोम वाटणे, तपासणीला नेणे, औषधे चुकू न देणे. वेब सिरीजमध्ये या कामाचे फार कौतुक होत नाही, पण माणसे जगतात ती यानेच. देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी ‘नानी का घर’ ही कल्पना त्यांनी पुढे मांडली. २०१९ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांना महाराष्ट्रात सदिच्छादूत नेमले.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ खटल्यात तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. निकालपत्रात १८७१च्या कायद्याचाही उल्लेख आहे. २०१९ मध्ये संसदेचा कायदाही आला. २०२२च्या दत्तक नियमांत मात्र एकट्या स्त्रीला कोणतेही मूल घेता येते, एकट्या पुरुषाला मुलगी घेता येत नाही, आणि तृतीयपंथीयांसाठी वेगळी तरतूद नाही.