पगार कळला, पण उशिरा

लिली लेडबेटर बाई १९७९ पासून अमेरिकेत, अलाबामातल्या गुडइयरच्या टायर कारखान्यात. १९९८ मध्ये कुणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली, त्यात त्यांचा आणि तीन पुरुष सहकाऱ्यांचा पगार! बाईंना महिन्याला ३,७२७ डॉलर. त्याच पदावरच्या पुरुषांना ४,२८६ ते ५,२३६. त्यांनी समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार केली, मग खटला. ज्युरीनं कौल बाईंच्या बाजूनं दिला. पण २००७ मध्ये सुप्रीम कोर्ट ५ विरुद्ध ४ मतांनी म्हणालं, पगार ठरल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती. आता बोला! शेजारच्या क्युबिकलमधल्याचा पगार आपल्याला तरी कुठे माहीत असतो? ओबामांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून सही केलेला पहिलाच कायदा, २००९ चा, बाईंच्या नावाचा: असा प्रत्येक कमी पगार हातात पडला की मुदत नव्यानं सुरू. बाईंना मात्र कंपनीकडून दमडीही मिळाली नाही.