तळटीप : ईडन जिल्हा

१. ईडन : वायव्य इंग्लंडमधला, कंब्रिया काउंटीतला ग्रामीण जिल्हा. पूर्वेला पेनाइन पर्वतरांग, पश्चिमेला लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर आणि मधून उत्तरेकडे सॉल्वेच्या खाडीला जाणारी ईडन नदी. मुलूख विस्तीर्ण, वस्ती फार विरळ. जिल्हा स्थापन झाला १९७४ साली. इथे कलेक्टर नव्हता; पेन्रिथची निवडून आलेली कौन्सिल घरबांधणीच्या परवानग्या आणि कचऱ्याची व्यवस्था पाही, शाळा व रस्ते मात्र काउंटी कौन्सिलकडे. त्याच वर्षी वेस्टमोरलँड ही जुनी काउंटी संपली. ईडनमधले ॲपलबी हे तिचे परंपरागत मुख्य गाव. काउंटीचे नाव पुसले जाऊ नये म्हणून या गावाने आपल्याच नावाला ‘इन-वेस्टमोरलँड’ जोडून घेतले. सीमा बदलणाऱ्यांना लहानशा गावाने दिलेले इतके नेमके उत्तर विरळाच! १ एप्रिल २०२३ रोजी ईडनची आणि कंब्रियाची अशा दोन्ही कौन्सिली बरखास्त झाल्या. त्यांचे इथले काम आता वेस्टमोरलँड अँड फर्नेस या एकाच कौन्सिलकडे आहे. गावपातळीवरच्या पॅरिश कौन्सिली टिकून आहेत. लेखकाचे वर्णन या बदलापूर्वीचे आहे, तेव्हा वाचकांनी आजच्या प्रशासकीय नकाशात ईडन जिल्हा शोधू नये. – संपादक